माळ्यावरचे दप्तर

दिवाळी जवळ आली की घरोघरचे माळे झाडले जातात. सुरतेच्या उधना-लिंबायत भागांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे आहेत. अशा घरांच्या माळ्यांवरही आता जुन्या तांब्या-पितळेसोबत संगणकाच्या जाडजूड माहितीपुस्तिका, फ्लॉप्या आणि सीड्या निघतात. यंत्रच गेले, मग ही अडगळ कशाला, हा गृहिणीचा प्रश्न रास्त आहे. परंतु रद्दीवाल्यास हाक मारण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहावे.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी याच सुरतेवर स्वारी केली. त्या दिवसांची हकीकत इंग्रज वखारीच्या पत्रांतून आपणांस तपशीलवार कळते, कारण ती पत्रे जपली गेली आणि ती वाचणारेही राहिले. आपल्याकडील दप्तरांचे भाग्य निराळे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद मिळविले व १८९८ पासून साधनांचे खंड छापले. पुढे शाळांतून मोडी गेली, आणि जे कागद वाळवीतून वाचले ते वाचणारे दुर्मिळ झाले.

संगणकावरील मराठीचीही एक मोडी झाली आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि कानपूरच्या आय.आय.टी.त जन्मलेले जिस्ट तंत्र तिने वाढविले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. तरीही पुढे कित्येक वर्षे निरनिराळ्या कंपन्यांचे टंक आपापल्या संकेतांनी चालत राहिले. काना एका रोमन अक्षराच्या जागी, तर वेलांटी दुसऱ्याच्या. तो टंक हाताशी नसेल, तर आजोबांनी लिहिलेल्या आठवणी पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळी होऊन उभ्या राहतात.

म्हणून निवड करावी. मोडीत गेलेल्या छपाईयंत्राची पुस्तिका खुशाल द्यावी. परंतु ज्या टंकावर घरचे लेखन झाले, त्याची तबकडी व कळफलकाचा तक्ता एवढ्यात टाकू नये. ते लेखन जाणत्याकडून युनिकोडमध्ये उतरवून घ्यावे, कागदावर छापावे, आणि मगच माळा मोकळा करावा. यात दिरंगाई मात्र नको. फ्लॉपीवरील चुंबकीय लेख काळाने पुसट होत जातो, आणि ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी घराघरांत कसे शिरले, हे सुरतकरांस सांगावयास नको.