राष्ट्रिय कीं राष्ट्रीय?

एखाद्या संस्कृत निमंत्रणपत्रिकेंत ‘राष्ट्रिय’ हा शब्द ऱ्हस्व इकारानें छापलेला दिसला, कीं मराठी वाचकाला वाटतें, ही छापखान्याची चूक असावी. कानाला तर दोहोंतील भेद सहसा जाणवतही नाहीं. मग ‘राष्ट्रिय’ हा खरा शब्द आहे, कीं लेखणीचा प्रमाद? आणि तो खरा असेल, तर मराठी माणूस रोज लिहितो तो ‘राष्ट्रीय’ खोटा ठरतो काय? तत्सम शब्द मूळ संस्कृताप्रमाणें लिहावे, असा शुद्धलेखनाचा दंडक असल्यानें हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा राहत नाहीं.

पहिली साक्ष पाणिनीची. नामापासून विशेषणें साधणाऱ्या त्याच्या प्रत्ययांत दोन जुळ्या भावंडांसारखे आहेत: ‘छ’ च्या जागीं ‘ईय’ होतो आणि ‘घ’ च्या जागीं ‘इय’. ज्या शब्दाचा पहिला स्वर आ, ऐ किंवा औ असेल, त्यास सामान्यतः ‘छ’ लागतो. म्हणून ‘शाला’ पासून ‘शालीय’. ‘राष्ट्र’ शब्दाचा पहिला स्वरही आकारच. तेव्हां सामान्य नियम चालता, तर ‘राष्ट्रीय’ हेंच रूप सिद्ध झालें असतें. परंतु अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायांत पाणिनीनें ‘राष्ट्र’ शब्दाचें नांव घेऊन त्यास ‘घ’ सांगितला आहे, आणि सामान्य नियमाहून अपवाद बलवान् असतो. ‘क्षत्र’ पासून ‘क्षत्रिय’ झाला तोही याच प्रत्ययानें. त्याचा इकार कोणी दीर्घ करीत नाहीं.

दुसरी साक्ष दगडाची. जुनागडजवळ गिरनारच्या वाटेवर ज्या शिळेवर अशोकाचे लेख आहेत, तिच्यावरच महाक्षत्रप रुद्रदामन् याचा संस्कृत लेख आहे. शक 72 मध्यें, म्हणजे इ. स. 150 च्या सुमारास, वादळी पावसानें सुदर्शन तलावाचा बांध फुटला. 420 हात लांब, तितकेंच रुंद व 75 हात खोल असें खिंडार पडलें. त्याच्या दुरुस्तीची हकीकत सांगतांना लेख मागील इतिहासही देतो: हा तलाव मौर्य राजा चंद्रगुप्त याचा ‘राष्ट्रिय’ वैश्य पुष्यगुप्त यानें बांधविला. येथें हा शब्द अधिकारपद दाखवितो. प्रांताचा कारभारी असा त्याचा अर्थ अभ्यासक सामान्यतः करतात. पुढें मात्र शब्दाला निराळेंच वळण लागलें. अमरकोशांत ‘राष्ट्रिय’ म्हणजे राजाचा मेहुणा! ‘मृच्छकटिक’ नाटकांतील शकार याच नात्याच्या जोरावर उज्जयिनींत दांडगाई करीत हिंडतो.

मराठी ‘राष्ट्रीय’ या घराण्यांतून आला नाहीं. 28 डिसेंबर 1885 रोजीं मुंबईस काँग्रेसचें पहिलें अधिवेशन भरलें. तें पुण्यास व्हावयाचें होतें, पण तेथें पटकीची सांथ आली; म्हणून 72 प्रतिनिधि मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत जमले. या संस्थेस मराठींत ‘राष्ट्रीय सभा’ हें नांव रूढ झालें. ‘राष्ट्र’ म्हणजे राजाच्या ताब्यांतील मुलूख, हा जुना अर्थ मागें पडून एका देशाचा सर्व समाज असा नवा अर्थ त्यांत भरला होता. ‘भारतीय’, ‘शास्त्रीय’ हे शब्द तोंडांत बसलेले होते. त्यांच्याच ओळींत ‘राष्ट्रीय’ सहज जाऊन बसला.

भांडीं हवीं असलीं कीं माणूस कुंभाराकडे जातो; पण शब्द हवे म्हणून कोणी वैयाकरणाच्या दारीं जात नाहीं, असें पतंजलीनें महाभाष्यांत म्हटलें आहे. या वादाचा निकालही त्यांतच आहे. ‘राष्ट्रिय’ हा अस्सल शब्द आहे; त्याच्या पाठीशीं सूत्र आहे, शिलालेख आहे, आणि नेपाळी भाषेंत तो आजही नित्याच्या वापरांत आहे. तो लिहिणाऱ्यास अशुद्ध म्हणणें हा अन्याय होय. पण ज्या शब्दानें मराठी समाजाच्या कित्येक पिढ्यांनीं आपली आकांक्षा बोलून दाखविली, त्या ‘राष्ट्रीय’ लाही आतां कोणाच्या दाखल्याची गरज उरलेली नाहीं.