तो खून होता : ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ आणि सभ्यतेचा प्रश्न

आजच्या विषयाकडे मी नारळावरून येणार आहे. १८५७-५८ च्या सुमारास बॅलंटाईन यांची ‘द कोरल आयलंड’ ही कादंबरी आली. या गृहस्थांनी दक्षिण समुद्रातली बेटं पाहिलेली नव्हती. त्यामुळे त्यांचे नारळ झाडावरच सोललेले! कोकणातलं पोरही हसेल. पण नारळाचं जे झालं तेच माणसांचं झालं. बेटावर अडकलेली तीन इंग्रज मुलं जात्याच सभ्य. रानटी कोण, तर तिथले नरभक्षक. मिशनऱ्यांनी धर्म दिला की तेही माणसात आले.

१९५४ साली विल्यम गोल्डिंग यांनी त्यातलीच रॅल्फ आणि जॅक ही नावं मुद्दाम उचलली आणि ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ लिहिली. मध्ये दोन महायुद्धं होऊन गेली होती. गोल्डिंग पेशाने शाळामास्तर, पण युद्धात नौदलात होते. १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईत ते होते. नाझींच्या संहारात डॉक्टर, वकील असे शिकलेसवरलेले लोक सामील होते, हे त्यांना विसरता आलं नाही.

युद्धकाळात विमान पडतं आणि शाळकरी मुलं निर्जन बेटावर सापडतात. मोठी माणसं नाहीत, शिस्त गेली, म्हणून मुलं रानटी झाली, असं मी स्वतः वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं. आज मला ते चूक वाटतं.

पहिला दिवस आठवा. बाकीची मुलं कशीबशी, विस्कळीत येतात. एकच टोळी काळे झगे घालून, दोन रांगांत, कवायत करत येते. तो जॅकचा गायकवृंद. जॅक त्यांना उन्हात ताटकळत ठेवतो. सायमन भोवळ येऊन पडतो. म्हणजे बेटावरची सगळ्यात शिस्तीची मुलं हीच! मग मतदान होतं, रॅल्फ निवडून येतो आणि जॅकचं मन राखायला म्हणतो, गायकवृंद तुझाच. तेच पुढे शिकारी होतात. एकाच माणसाचा हुकूम मानणारी तुकडी, सभेला न विचारता, त्याच माणसाच्या हाती गेली. सभेचा शंख फुटतो फार पुढे, पण तडा गेला तो इथे. १९३३ च्या जानेवारीत हिंडेनबर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर नेमलं, तेही रीतसरच. त्याला आपण आवरू, असं भोवतालच्या मंडळींना वाटत होतं.

मग सभ्यता कशात आहे? नाचाच्या भरात सगळे मिळून सायमनला मारतात. त्या घोळक्यात रॅल्फ आणि पिगीही असतात. दुसऱ्या दिवशी पिगी म्हणतो, अपघात होता. रॅल्फ म्हणतो, खून होता. माझ्या मते त्या बेटावरची उरलीसुरली सभ्यता या एका शब्दात आहे. जॅकच्या टोळीत पहारे आहेत, शिक्षा आहेत, आज्ञापालन आहे. फक्त हा शब्द उच्चारायला तिथे जागा नाही.

शेवटी नौदलाचा अधिकारी येतो. स्वच्छ गणवेश, मागे युद्धनौका. इंग्रज मुलांकडून मला याहून बरी अपेक्षा होती, असं तो म्हणतो आणि ‘कोरल आयलंड’ची आठवण काढतो. मुलांच्या माखलेल्या अंगांकडे तो बघतो. स्वतःच्या बोटीवरच्या तोफांना तो काय नाव देतो, हे कोणी त्याला विचारत नाही.

रॅल्फने जो शब्द उच्चारला तो आपल्या माणसांच्या कृत्याबद्दल आपल्याला उच्चारता येतो का? घरी जाताना एवढं मनाशी तपासून पाहा.