नकाशात नसलेला प्लॉट

भोसरीतल्या एका प्रेस शॉपच्या स्टोअर्समध्ये माझी उभी नोकरी झाली. आत येणाऱ्या पत्र्याचा हिशेब साहेब रोज पाहायचे. बाहेर जाणाऱ्या भंगाराचं रजिस्टर ऑडिटखेरीज कुणी उघडत नसे. आता वार्षिक अहवालांत ‘सर्क्युलर इकॉनॉमी’वर रंगीत पानं असतात. त्यांत हे भंगार जिथे जायचं त्या कुदळवाडीचं नाव मी अजून वाचलेलं नाही.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत १९५४ पासून होतीच. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, त्याच दशकात टेल्को आणि बजाज आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे आमच्यासारखे भोसरीत जमले. माल बनवण्यासाठी प्लॉट आखले गेले, रस्ते आले, पाणी आलं. उरलेलं कुठे जाणार, याला नकाशात जागा नव्हती. भंगारवाल्यांनी ती चिखलीच्या कुदळवाडीत शोधली. त्यांतले बरेच उत्तर प्रदेशातून आलेले. कारखाने हाकेच्या अंतरावर, शेतकऱ्याला भाडं सुटायचं, आणि चिखली गाव १९९७ पर्यंत महापालिकेच्या हद्दीबाहेर, म्हणजे जकातीच्याही बाहेर. जकातीचा हिशेब त्यात असणारच, असा माझा तर्क.

भंगार म्हणजे एक ढीग, असं बाहेरच्याला वाटतं. आमच्याकडे पंचिंग वेगळं, टर्निंग वेगळं, बिडाचं बोरिंग वेगळं. पत्र्यातून ब्रॅकेट कापल्यावर उरतं ते पंचिंग. कोणत्या ग्रेडचं पोलाद ते ठाऊक असतं, म्हणून फाउंड्रीवाले त्यावर उड्या टाकतात. त्यात जस्ताचा पत्रा मिसळला तर भट्टीतून धूर उठतो. तांबं गेलं तर पोलादच बिघडतं. दोन्हीकडे भाव पडतो. टर्निंगमधलं कूलंट निथळलं नसेल, तर काट्यावर तेलाचंच वजन भरायचं आणि वाद व्हायचा. चांगला माल कोल्हापूरच्या फाउंड्र्यांकडे जायचा. तिथून कास्टिंग होऊन पुन्हा पुण्याच्या कारखान्यांत यायचा. हलका माल जालन्याला, सळया करायला. हे वर्तुळ कुणी सल्लागाराने आखलं नव्हतं. भावाने आखलं होतं.

लाकडाची गंमत और. मर्सिडीज १९९५ पासून पिंपरीत जुळू लागली, २००९ मध्ये चाकणला गेली. फोक्सवॅगनही त्याच साली चाकणला सुरू झाली. परदेशी सुटे भाग पाइनच्या खोक्यांतून येत. खोकी कुदळवाडीत फुटत आणि पलंग, टेबलं होऊन बाहेर पडत. आमच्या चाळीत अशा एका पलंगाच्या फळीवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का होता. लाकडातली कीड मारल्याची ती आंतरराष्ट्रीय खूण. घरमालकिणीला तो दुकानाचा मार्का वाटे.

याचं कौतुक मी डोळे मिटून करणार नाही. केमिकलचे ड्रम तिथेच धुतले जात, पाणी इंद्रायणीकडे वाहे, आगी तर नित्याच्याच. आणि कंपनीचा भंगाराचा ठेका कुणाला मिळणार, हे चाकणमध्ये दराच्या पाकिटापेक्षा दांडगाईवर ठरतं, हे त्या पट्ट्यात पोरालाही ठाऊक आहे. हा भाग अहवालात येत नाही, हे समजण्यासारखं आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीवर बुलडोझर चालवले. चार हजारांहून अधिक बांधकामं पडली. बेकायदा होती, हे खरं. पण त्या आठवड्यात प्रेस काही थांबले नव्हते; पंचिंग रोज पडतच होतं. पाठोपाठ १ एप्रिलपासून केंद्राचे नवे नियम लागू झाले: आयुष्य संपलेल्या गाड्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी आता गाडी बनवणाऱ्यावरही आहे. म्हणजे तोडणाऱ्यांची गरज वाढली. त्यांना पक्की फरशी, सांडपाण्याची सोय, अग्निशमनाचं पाणी आणि स्वतःचा काटा असलेले गाळे भाड्याने द्यायचे, तर ते चिखली पालिकेत आली त्याच वर्षी, १९९७ मध्ये, आखता आले असते. चाकणच्या पुढच्या टप्प्यात तरी आखा. भाडं द्यायला ही माणसं मागे हटणारी नाहीत.