दुसऱ्याच्या हातातला माउस

पेण सोडलं की नागोठण्याच्या आधी कासू स्टेशन लागतं. आपट्यापासून रोह्यापर्यंतची रेल्वे १९८६ मध्ये पूर्ण झाली आणि रुळांसोबत रेल्वेची जुनी शिस्तही इथवर आली. कोणती गाडी आधी सोडायची, कोणती बाजूला घ्यायची हे ठरवणारा कंट्रोलर मुंबईत फोनपाशी. सिग्नल देणारा स्टेशनमास्तर जागेवर. हुकूम दुरून, हात इथला. लांबचा कॉम्प्युटर बसल्या जागेवरून चालवण्याचा इतिहास म्हणजे हा ‘इथला हात’ वगळण्याचा खटाटोप आहे, आणि तो अजून पुरता साधलेला नाही.

त्याच १९८६ मध्ये अमेरिकेत ‘पीसीएनीव्हेअर’ बाजारात आलं. दोन कॉम्प्युटर, दोन मोडेम आणि मध्ये टेलिफोनची तार. इकडच्या कीबोर्डवर टाइप केलेलं तिकडच्या पडद्यावर उमटायचं. आपल्याकडे तेव्हा गल्लोगल्लीचे एसटीडी बूथसुद्धा यायचे होते.

महाराष्ट्राच्या खेड्याला दूरचे कॉम्प्युटर सांभाळण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने भेटला तो १९९८ मध्ये, वारणेच्या खोऱ्यात. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे सत्तर गावांसाठी वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभा राहिला. गावोगावी ५४ केंद्रं निघाली आणि प्रत्येक केंद्रात डेस्कटॉप आला. ऊस लागणीची नोंद, उसाच्या वजनाच्या पावत्या, खताचा हिशेब, सगळं शेतकऱ्याला गावातच मिळायचं. प्रकल्पाचं नाव परदेशातही गाजलं. यंत्रं बसवणं मात्र त्यातला सोपा भाग होता. डायल-अपची लाइन संथ, वीज बेभरवशाची, कॉम्प्युटर वर्षागणिक जुना होत जाणारा, आणि देखभालीचा खर्च काही केल्या थांबत नव्हता.

पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. केंद्रातल्या डेस्कटॉपचं काम त्यांनी साध्या मोबाइलवर आणलं. एसएमएस पाठवायचा, उत्तर एसएमएसनेच यायचं. डेस्कटॉपवर होणारी सगळी कामं झाली, खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांना हीच सोय जास्त आवडली. २००७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. खेड्यातले ५४ डेस्कटॉप सांभाळायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ते नसणं, असा त्याचा अर्थ निघत होता. डेस्कटॉपवरचं विंडोज विकणाऱ्यांच्या घरचाच हा आहेर!

तरीही डेस्कटॉप गेला नाही. २०११ मध्ये ‘संग्राम’ योजनेतून ग्रामपंचायतींमध्ये कॉम्प्युटर आले आणि २०१६ पासून त्या जागी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आलं. कारण उघड आहे. दाखला द्यायचा तर प्रिंटर हवा, कागद चढवायला स्कॅनर हवा, डिजिटल सहीचा डोंगल लावायला जागा हवी. एसएमएसवर हे निभत नाही. मग बिघाड झाला की प्रत्येक वेळी तालुक्याहून माणूस कोण आणि किती पाठवणार?

विंडोज एक्सपीच्या प्रोफेशनल आवृत्तीत २००१ पासून ‘रिमोट डेस्कटॉप’ होतंच. एका कार्यालयाच्या चार भिंतींत ते उत्तम चालतं. बाहेरून शिरायचं तर त्या कॉम्प्युटरला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता लागतो आणि राउटरमध्ये वाट उघडी ठेवावी लागते. गावाकडचं इंटरनेट बहुधा मोबाइलच्या डेटावर, आणि तिथे एकेका पत्त्यामागे असंख्य ग्राहक. बाहेरून हाक मारली तरी ती नेमक्या कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. ही अडचण २००५ मध्ये आलेल्या टीमव्ह्यूअरने आणि २०१४ च्या एनीडेस्कने सोडवली. दोन्ही कंपन्या जर्मन. दोन्ही कॉम्प्युटर आपणहून कंपनीच्या सर्व्हरकडे जातात आणि तिथे त्यांची गाठ पडते. लागतो तो फोनवर सांगायचा एक आकडा आणि समोरच्याची परवानगी. “एनीडेस्क चालू करा, नंबर सांगा,” हे वाक्य आता तालुक्यातालुक्यात ऐकू येतं.

नंबर सांगून परवानगी दिली की माउसचा बाण आपोआप फिरू लागतो. फाइल उघडते, प्रिंटरचं ड्रायव्हर निघतं, नवं चढू लागतं. तेवढ्यात विंडोज परवानगी मागतं, पडदा काळवंडतो आणि दूर बसलेला हतबल होतो. “ताई, तिकडे ‘यस’ दाबा,” असं त्याला सांगावंच लागतं. मराठी टाइपिंगची तऱ्हा आणखी वेगळी. एकाकडे इनस्क्रिप्टचा कीबोर्ड, दुसऱ्याकडे टाइपरायटरचा जुना कीबोर्ड. मग अर्जात भलतीच अक्षरं उमटतात.

वीजच नसेल तर यातलं काहीच होत नाही. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे सगळा कारभार दुरून चालवायची पाळी आली आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. जिल्ह्यातल्या कित्येक गावांत त्यानंतर बरेच दिवस वीज नव्हती. वीज येते तेव्हाही कॉम्प्युटर आपोआप सुरू होईलच असं नाही. त्यासाठी कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, ‘वीज परत आल्यावर सुरू हो’ अशी सोय करून ठेवावी लागते. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते जागेवर जाऊनच करावं लागतं.

जी वाट मदतीची, तीच चोराची. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्कच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केलं. बँकेचा माणूस असल्याची बतावणी करून मोबाइलवर ॲप घ्यायला लावायचं, नंबर विचारायचा आणि खातं साफ करायचं, अशी ती रीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर आपल्याच सर्व्हरमध्ये कोणीतरी शिरल्याचं एनीडेस्कने जाहीर केलं आणि ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं.

म्हणून केंद्र चालवणाऱ्यांनी एवढं तरी करावं. न विचारता आत येण्याचा कायमचा पासवर्ड कोणालाही देऊ नये. समोरून आलेल्या फोनवर नंबर सांगू नये. आपल्याकडच्या माहितीच्या क्रमांकावर स्वतः फोन लावावा. सहीचा डोंगल लावलेला असेल आणि पिन कळला असेल, तर दूरचा माणूसही दाखल्यावर सही उठवू शकतो. तेव्हा दुरुस्ती चालू असताना डोंगल काढून खिशात ठेवावा.