अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर आणि स्वप्नातील जाग

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे ते पाहणाऱ्याला उमगणे, या अनुभवाला आधुनिक मानसशास्त्रात ‘ल्युसिड ड्रीम’ म्हणतात आणि मराठीत त्यासाठी ‘सजग स्वप्न’ हा शब्दप्रयोग करता येतो. फ्रेडरिक व्हॅन ईडन या डच मनोविकारतज्ज्ञाने १९१३ मध्ये स्वतःच्या स्वप्नांच्या नोंदींवर निबंध लिहून ही संज्ञा रूढ केली. पुढे तीनच वर्षांनी, १९१६ मध्ये, पूर्व खानदेशातील (आजच्या जळगाव जिल्ह्यातील) अमळनेर येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता; परंतु सजग स्वप्नाने जो प्रश्न उभा राहतो, म्हणजे स्वप्नाला स्वप्न म्हणून ओळखणारा कोण, त्याच्या विचारासाठी लागणारी परिभाषा ज्या अद्वैत वेदान्तात घडली होती, त्याचे अध्ययन हेच या संस्थेचे प्रयोजन होते.

मराठी मुलखात स्वप्नाला जो मान होता तो प्रामुख्याने दृष्टांत म्हणून, म्हणजे देवाने किंवा गुरूने झोपेत येऊन दिलेली खूण अथवा आज्ञा म्हणून. तुकारामांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला, आणि खानदेशच्या दक्षिणेला घाटापलीकडे असलेल्या शिऊरच्या संत बहिणाबाईंना तुकारामांचा अनुग्रहही स्वप्नातच लाभला, असे ही परंपरा सांगते. रामदासांच्या ‘आनंदवनभुवनी’ या काव्याचा गाभाही स्वप्नात पाहिलेले प्रत्यक्षात उतरत असल्याच्या प्रतीतीचा आहे. आणि समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवण्यासाठी आयुष्य वेचणारे शंकर श्रीकृष्ण देव धुळ्याचेच असल्याने, त्या वाङ्मयाचा मोठा साठा धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपला गेला. दृष्टांताचे बळ मात्र झोपलेल्याच्या स्वीकारात असते: स्वप्न पाहणारा केवळ ग्रहण करतो, ‘हे स्वप्न आहे’ अशी शंका घेत नाही, आणि त्या आज्ञेचा अर्थ जागेपणीच्या आचरणातूनच सिद्ध होतो.

याच प्रदेशात दुसरी एक विचारधाराही जुनी आहे. तापी-पूर्णा संगमावरील चांगदेव हे गाव आणि त्याच परिसरातील मुक्ताबाईचे स्थान या दोहोंमुळे खानदेशाचा संबंध ‘चांगदेव पासष्टी’शी जोडला जातो. ज्ञानेश्वरांनी चांगदेवांना लिहिलेल्या या पासष्ट ओव्यांचा विषय दृश्य, द्रष्टा आणि दर्शन, म्हणजे पाहिले जाणारे, पाहणारा आणि पाहण्याची क्रिया, या त्रिपुटीच्या निरासाचा आहे. स्वप्नातून काय कळले, याऐवजी पाहणाऱ्याचे स्वरूप काय, हा प्रश्न येथे मुख्य ठरतो, आणि अमळनेरला विसाव्या शतकात तोच प्रश्न संस्थेच्या रूपात उभा राहिला.

ही संस्था कापसाच्या पैशातून उभी राहिली. १९०० मध्ये सुरू झालेल्या ताप्ती व्हॅली रेल्वेमुळे सुरत-भुसावळ मार्गावर आलेल्या अमळनेरात प्रताप मिलचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी उद्योगातील संपत्तीचा एक भाग वेदान्ताच्या अभ्यासाकडे वळवला आणि विद्वानांनी येथे राहून चिंतन व लेखन करावे अशी सोय केली. घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती आणि कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे अभ्यासक येथे आले. साने गुरुजीही अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक होण्यापूर्वी काही काळ या मंदिरात अध्ययनासाठी होते. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे नियतकालिक येथूनच निघे आणि मलकानी यांनी त्याचे संपादन दीर्घकाळ केले.

अद्वैताच्या विवेचनात स्वप्नाला मध्यवर्ती स्थान आहे. मांडुक्य उपनिषदाच्या बारा मंत्रांत जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती म्हणजे गाढ झोप या तीन अवस्था सांगून, त्या तिन्हींना व्यापूनही त्यांपैकी एकही नसलेल्या ‘तुरीय’ तत्त्वाचा निर्देश केला आहे. त्यावरील कारिकांत गौडपादांनी जागृतीतील विषय आणि स्वप्नातील विषय यांचे साम्य दाखवले. उलट ब्रह्मसूत्रभाष्यात विज्ञानवादी बौद्धांचे खंडन करताना शंकराचार्यांनी दोहोंतील भेदावर बोट ठेवले, कारण जागे होताच स्वप्नाचा ‘बाध’ होतो, म्हणजे ते खोटे असल्याचे ज्ञान होते, तसा बाध जागृतीतील वस्तूंचा एरवी होत नाही. त्याच भाष्यात अन्यत्र ते असेही दाखवतात की स्वप्नातील सर्पदंश खोटा असला, तरी तो भासल्याची जाणीव जाग आल्यावरही खोटी ठरत नाही. दृश्य बाधित होते पण जाणीव अबाधित राहते, हा त्या युक्तिवादाचा कणा होय.

अमळनेरच्या अभ्यासकांनी अवस्थांच्या या विश्लेषणाला आधुनिक तत्त्वज्ञानाच्या भाषेत नेले. दास, मलकानी आणि मूर्ती यांचा ‘अज्ञान’ हा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. अज्ञान म्हणजे नुसता ज्ञानाचा अभाव की अनुभवाला येणारी, सत्य झाकणारी शक्ती, हा त्यातील वादाचा विषय. ‘मी सुखाने झोपलो, काहीच कळले नाही’ या उठल्यावरच्या स्मरणाचा आधार वेदान्ती या वादात घेतात, कारण ज्याचे स्मरण होते त्याचा आधी अनुभव असला पाहिजे आणि म्हणून गाढ झोपेतही साक्षी, म्हणजे केवळ पाहणारे चैतन्य, मानावे लागते. भट्टाचार्यांच्या ‘स्टडीज इन वेदांतिझम’ या आधीच्या ग्रंथाचा आरंभच या अवस्थांच्या विचाराने होतो, तर अमळनेरहून १९३० मध्ये निघालेल्या ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’मध्ये ज्ञाता विषयांपासून, देहापासून आणि मनातील प्रतिमांपासून क्रमाने कसा सुटा होत जातो याची मांडणी आहे.

प्रयोगशाळेने सजग स्वप्नाकडे वळण्यास आणखी काही दशके लागली. १९५३ मध्ये डोळ्यांच्या जलद हालचालींची निद्रावस्था ओळखली गेली. त्या अवस्थेत बहुतेक स्नायू शिथिल असले तरी डोळे हलू शकत असल्याने, १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल येथे कीथ हर्न यांनी झोपलेल्या व्यक्तीकडून आधी ठरवलेल्या नेत्रखुणा नोंदवल्या, आणि स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी १९८१ मध्ये अशाच खुणांवर आधारलेले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सजग स्वप्न ही जागे झाल्यावर रचलेली कहाणी आहे, हा आक्षेप त्यामुळे मागे पडला.

वेदान्ताच्या दृष्टीने या शोधाचे महत्त्व स्वप्न हवे तसे वळवता येण्यात नाही. स्वप्न खोटे म्हणून ओळखले गेले तरी ते दिसतच राहते, हे त्यातील लक्षणीय वैशिष्ट्य आहे. आणि खोटेपणा कळल्यानंतरही भास चालू राहण्याला अद्वैतात ‘बाधितानुवृत्ती’ अशी संज्ञा आहे. मृगजळ हे पाणी नव्हे हे कळलेल्यालाही ते दिसते, आणि देह असतानाच मुक्त झालेल्या जीवन्मुक्तालाही जग दिसते, ते याच न्यायाने. बाध झाला की स्वप्न संपते या सर्वसाधारण समजुतीला सजग स्वप्न अपवाद ठरते आणि जीवन्मुक्तीच्या संकल्पनेला झोपेतील एक दाखला पुरवते. मात्र हा दाखला अपुरा आहे, कारण स्वप्नात ‘मी उडेन’, ‘मी दृश्य बदलेन’ असे ठरवणारा मी हाही त्या स्वप्नातील एक पात्र असतो. दृश्याचा बाध झाला तरी त्या कर्त्याचा झालेला नसतो. सजग स्वप्नाच्या अनुभवातून साक्षी सिद्ध झाला असे म्हणण्यापूर्वी या कर्त्यालाही दृश्यात मोजावे लागते, आणि ज्ञात्याला एकेका विषयापासून सुटे करत जाण्याची जी पद्धत अमळनेरच्या लेखनात आढळते, तिचा उपयोग नेमका याच ठिकाणी होतो.