घरचा डॉक्टर

तहान लागल्यावर विहीर खणावयास निघणाऱ्या माणसास आपण हसतो. परंतु आजाराने अंथरूण धरल्यावर डॉक्टर शोधावयास निघणाऱ्या गृहस्थास कोणी हसत नाही, कारण बहुतेकांची गत तीच असते. ठाणे, कल्याण, डोंबिवली या टापूत आज दवाखान्यांची वाण नाही. तथापि 'हे आमचे डॉक्टर' असे निःशंकपणे म्हणता यावे असा मनुष्य किती कुटुंबांस लाभला आहे, हा प्रश्न वेगळा. त्याचा विचार करण्यापूर्वी याच मुलखाच्या इतिहासाची काही पाने चाळणे आम्हांस इष्ट वाटते.

रोग होण्यापूर्वीच त्यास अडविण्याची विद्या आपल्याकडे नवी नव्हे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. जेन्नरने शोधलेली ही लस बगदाद व बसरा या मार्गे येथवर पोहोचली होती. हिंदुस्थानात यशस्वी झालेली ती पहिली टोचणी. त्या काळी लस फार दिवस टिकविण्याचे साधन नव्हते. एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडास, असाच तिचा पुढील प्रवास झाला. परंतु ज्या रोगास घरोघर देवी मानून पूजीत, त्याच्या निवारणार्थ कोणी परका मनुष्य येऊन लेकराच्या दंडास शस्त्र लावणार, हे आईच्या गळी सहजासहजी कसे उतरावे? जगातून देवीचे उच्चाटन झाल्याची घोषणा १९८० साली झाली. तोवर त्या टोचणीस १७८ वर्षे लोटली होती. लस शोधण्यास बुद्धी लागते, पण ती घरात शिरण्यास विश्वास लागतो.

याचाच दुसरा दाखला प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात हा रोग प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्याचे. मांडवीतच त्यांचा दवाखाना चाले. गल्लीतील नित्याचे ताप ज्याच्या परिचयाचे, त्यासच हा ताप निराळा असल्याचे चटकन उमगले, यात आम्हांस नवल वाटत नाही. पुढे १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुणे व नाशिक या दोन्ही वाटा जेथे फुटतात त्या कल्याण स्थानकावर उतारूंची तपासणी होऊ लागली. रोगी वेगळा ठेवावा हे तत्त्व शास्त्रास धरूनच होते. पण ते अमलात आणणारे हात परके आणि कठोर होते. लोक रोगी लपवू लागले, आणि पुण्यात त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाला. उलट त्याच वर्षी १० जानेवारीस हाफकिन यांनी मुंबईत आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. लोकांपुढे जाण्याची खरी रीत ती.

परंतु या साऱ्यांहून बोलकी कथा आहे ती कल्याणच्याच एका मुलीची. गणपतराव जोशी यांची कन्या यमुना हिचा जन्म १८६५ सालचा. लग्नानंतर ती आनंदीबाई गोपाळराव जोशी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली असती तर, हा विचार तिच्या मनातून गेला नाही. १८८३ साली श्रीरामपूर येथील भाषणात तिने सांगितले ते हेच, की पुरुष डॉक्टरास प्रकृती दाखविण्यास स्त्रिया संकोचतात, म्हणून या देशात स्त्री-डॉक्टर हवेत. ज्या डॉक्टराची आपल्या घरास उणीव होती, ती डॉक्टर स्वतःच होण्यासाठी आनंदीबाई अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली. परंतु ते काम हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने पुण्यात त्यांचा अंत झाला. वयास बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्या क्षयावर तेव्हा औषध नव्हते. आज आहे, परंतु 'दोन आठवडे खोकला हटत नाही, थुंकी तपासून घ्या' असे दटावून सांगणारे माणूस नसेल तर त्या औषधाचा उपयोग काय?

गिरगाव-दादरच्या चाळींतून पुष्कळ कुटुंबे डोंबिवलीस येऊन राहिली. त्यांनी भांडीकुंडी आणली, देव्हारा आणला. पण आजोबांचा दमा आणि नातवाचा गोवर दोन्ही ठाऊक असलेला चाळीतला डॉक्टर मागेच राहिला. त्याच्या जागी आता प्रत्येक अवयवास एक तज्ज्ञ आहे. तज्ज्ञांचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. परंतु तज्ज्ञ रोग पाहतो, घरचा डॉक्टर घर पाहतो.

तो निवडावा कसा? पदवी व नोंदणी पाहावी हे तर झालेच. दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असावा, आणि मुंबईहून सायंकाळी परतणाऱ्यास गाठता यावा. आपले बोलणे तो पुरते ऐकून घेतो काय? औषधाची गरज नसता 'नको' म्हणतो काय? आपल्या आवाक्याबाहेरचे दुखणे वेळीच दुसऱ्याकडे सोपवितो काय? आणि घरातील स्त्रिया त्याच्याशी मोकळेपणाने बोलतात काय? हा शेवटचा प्रश्न आनंदीबाईंचा आहे; तो आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो.

निवड झाल्यावर त्याच्याकडे प्रकृती बरी असतानाही जावे. मुलांच्या लसींची नोंदवही त्यास दाखवावी. रक्तदाब व मधुमेह पुष्कळदा काही दुखल्याखुपल्यावाचून वाढतात. प्रौढांनी ते वेळोवेळी तपासून घ्यावेत. वडीलधाऱ्यांची चालू औषधे वर्षातून एकदा तरी त्याच्यापुढे मांडावीत. यास खर्च थोडा. अडचण येते ती आळसाची.

दहा दिवसांच्या त्या बाळाचे नाव इतिहासाने ठेवलेले नाही. परंतु त्याच्या आईस जे उशिरा कळले, ते आपणांस वेळेवर कळावयास हरकत नाही.