टेम्पोचा अ‍ॅव्हरेज: कागदावरचा आणि दादरचा

"अ‍ॅव्हरेज किती देते?" आपल्याकडे गाडीच्या रंगाआधी हा प्रश्न येतो. अ‍ॅव्हरेज म्हणजे नुसती सरासरी, पण आपण त्याचा अर्थ 'लिटरमागे किती किलोमीटर' असा पक्का करून टाकलाय. मला तर तो शब्द अगदी चपखल वाटतो. कारण हा आकडा खरंच सरासरी असतो... रस्त्याची, वजनाची आणि ड्रायव्हरच्या उजव्या पायाची!

कारवाले हा प्रश्न हौसेने विचारतात. दादरला सेनापती बापट मार्गावरच्या फूलबाजारात पहाटे माल उतरवणाऱ्याला तो पोटासाठी विचारावा लागतो. म्हणून आज कार नाही, टेम्पो.

आधी थोडा इतिहास. 'टेम्पो' हा मुळात जर्मन ब्रँड. १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांच्या बजाज टेम्पोने जर्मनीच्या विडाल अँड सोन कंपनीच्या सहकार्याने 'हॅन्सेट' ही तीनचाकी मालगाडी इथे आणली. १९६९ मध्ये मॅटाडोर आली. पुढे २००५ मध्ये कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण तोवर माल वाहणारी कुठलीही छोटी गाडी आपल्यासाठी 'टेम्पो' झाली होती.

त्याच २००५ च्या मे महिन्यात टाटांनी एस आणली. आपला 'छोटा हाथी'. गिरीश वाघ यांच्या टीमने इथे एक झकास गोष्ट केली. इंडिकाचं १४०५ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन अर्धं केलं! दोन सिलिंडर, ७०२ सीसी, ताकद जेमतेम १६ हॉर्सपॉवर. आजच्या बऱ्याच मोटरसायकली याहून दमदार आहेत :) पण पाऊण टन माल गल्लीबोळातून न्यायला तेवढी पुरते, आणि छोटं इंजिन कमी पितं. अ‍ॅव्हरेज हाच त्या गाडीचा आत्मा होता.

आता कागदावरचा आकडा येतो कुठून? आपल्याकडे गाड्यांच्या चाचण्यांचं मोठं केंद्र म्हणजे पुण्याची एआरएआय, स्थापना १९६६. चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. चाकं रोलरवर फिरतात आणि ड्रायव्हर समोरच्या पडद्यावरचा वेगाचा आलेख गिरवतो. जुनी 'इंडियन ड्रायव्हिंग सायकल' १०८ सेकंदांची होती. कमाल वेग ताशी ४२ किमी, सरासरी साधारण २२. ती पुन्हा पुन्हा चालवायची. नंतर चारचाकींसाठी युरोपच्या साच्यावरची, सुमारे २० मिनिटांची सायकल आली. बाहेर पडणारा धूर पिशवीत गोळा करून त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळलं ते काढतात. पद्धत चोख आहे. दोन गाड्यांची तुलना करायची तर अशीच हवी. पण या रोलरवर दादर नाही.

दादर म्हणजे काय, ते गणिताने बघू. भरलेला छोटा हाथी साधारण १५५० किलो. शून्यापासून ताशी ४० पर्यंत न्यायला सुमारे ९५ किलोज्यूल लागतात. लिटरभर डिझेलमधून चाकांपर्यंत ९ मेगाज्यूल पोचतात असं धरलं, तर प्रत्येक वेळी थांबून पुन्हा वेग घ्यायला सुमारे १० मिली डिझेल. म्हणजे दोन चमचे! प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक आडव्या आलेल्या हातगाडीला दोन चमचे. तीच गाडी खोपोलीहून खंडाळ्याला चढवा. नुसती साडेपाचशे मीटर उंची गाठायला जवळजवळ एक लिटर जातं. त्यात ओव्हरलोड केलं की हे सगळं त्याच प्रमाणात वाढणार.

हा फरक भरतं कोण? हिशेबापुरते आकडे धरू. कागदावर १५, हातात ११, रोजचे ६० किमी, डिझेल ९० रुपये. रोज दीड लिटरच्या आसपास जास्त, म्हणजे १३० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३४०० च्या आसपास. गाडीचा मालकच ड्रायव्हर असेल तर हे एकतर हप्त्यातून जातात, नाहीतर घरखर्चातून. पूर्वी डिझेलचा भाव सरकार ठरवायचं, त्यामुळे धक्के थोडे सौम्य बसायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते नियंत्रण उठलं, जून २०१७ पासून भाव रोज बदलण्याची पद्धत आली. मग अ‍ॅव्हरेजमधला एकेक किलोमीटर जास्तच टोचायला लागला.

हे फक्त आपल्याकडे आहे असं समजू नका. अमेरिकेत छापील मायलेज आणि खरं मायलेज यांत इतकी तफावत निघाली की १९८५ पासून त्यांच्या पर्यावरण खात्याने शहरातला आकडा १० टक्के आणि हायवेचा २२ टक्के कापूनच छापायला सुरुवात केली. २००८ पासून एसी, थंडी आणि जास्त वेग यांच्याही चाचण्या धरल्या. पण गंमत पुढेच आहे. मालासकट कमाल वजन ८५०० पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण ३८५० किलोपेक्षा जास्त असलेल्या धिप्पाड पिकअप ट्रकना मायलेजचं लेबल लावायची सक्तीच नाही! सगळ्यात जास्त पिणाऱ्या गाडीचाच आकडा नाही. तिथला शेतकरी किंवा कंत्राटदारही मग शेजाऱ्यालाच विचारणार, "तुझी किती देते रे?"

आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून कंपन्यांवर इंधनाचे निकष लागू झाले, तेही प्रवासी कारसाठी. टेम्पो त्यात नव्हता. म्हणजे हौसेने विचारणाऱ्यांची सोय आधी, पोटासाठी विचारणाऱ्यांची नंतर.

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला यात नवल वाटू नये. टेस्टिंगमध्ये सुसाट पळणारा प्रोग्राम खऱ्या लोडखाली धापा टाकतो, हे आपण रोज बघतो. फरक एवढाच, की आपलं बिल कंपनी भरते. टेम्पोवाला स्वतः भरतो. निदान भरलेल्या गाडीचा, शहरातला असा एक वेगळा आकडा त्याच्या कागदावर छापला, तर कर्ज काढण्याआधी त्याला खरा हिशेब तरी मांडता येईल.

असो. पुढच्या वेळी टेम्पोवाल्याशी भाड्यावरून घासाघीस करताना ते दोन चमचे लक्षात ठेवा, म्हणजे झालं.